पिन कुठे अडकली?

माझं नाव मराठी विभागात बघून आमच्या विंगमधल्या मुली फिदीफिदी हसणार, हे मला पक्कं माहीत आहे. दहावीपर्यंत मी ज्या कॉन्व्हेंटमध्ये होते, तिथे वर्गात मराठी बोललं की फाइन पडायचा. त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असतील तर श्रेय संपादक मंडळाचं, चुकले असतील तर माझं. इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण हा लेख ज्या एका माणसाने वाचावा असं मला वाटतं, तो मॅगझीन हातात आलं की आधी मराठीची पानं उघडायचा. म्हणून हा खटाटोप.

विषय आहे टर्नटेबलची सुई. हो, सुईच! पान उलटू नका, पुढे पैशांचाही विषय आहे, आणि पैसे तुमचेच आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगला जे हजर होते त्यांना डीजे नाइट आठवत असेल. शेवटचं गाणं, अख्खं ओपन थिएटर उभं, आणि ऐन रंगात गाणं एकदम दीड मिनिट पुढे उडालं. क्षणभर सगळे गप्प. मग मागच्या रांगांतून जे हूटिंग सुरू झालं ते थांबेचना. स्टेजवर आमचा फायनल इयरचा दादा होता. त्याने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, सुईच्या डोक्यावर ठेवलं आणि कसाबसा सेट संपवला. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, "माझाच हात जड पडला." त्यानंतर तो कधी स्टेजवर चढला नाही. मे महिन्यात पास आउट होऊन गेला.

म्युझिक क्लबने मात्र निष्कर्ष काढला, की सुई साधी होती म्हणून गाणं उडालं, तेव्हा भारीतली सुई घ्यायची. घेतली. एवढी भारी की तिला कपाटात कुलपात ठेवावी लागली. आता ती जोडीही झिजली आहे. क्लबला पुन्हा चोवीस हजार रुपये मंजूर झालेत, सेमिस्टर संपायच्या आत मीटिंग आहे, आणि "या वेळी त्याहून भारी घेऊ" असा एकंदर सूर आहे. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. आमच्या कामाला भारी सुई लागतच नाही. लागते ती साधी, दणकट आणि मोडली तर बदलता येणारी सुई. का, ते सांगते.

आधी ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी. क्लब रूममध्ये दोन टर्नटेबलं आहेत. परदेशात नोकरी करून परत आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती कॉलेजला दिली. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण विचारतो, "हे आजोबांच्या जमान्यातलं काय ठेवलंय? एलपी कुठे मिळतात आता?" राव, आम्ही एलपी वाजवत नाही! आमच्या तबकडीवर एकही गाणं नाही. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये. तबकडीवर फक्त एक सलग शिट्टी भरलेली असते. तिला टाइमकोड म्हणतात. सुई ती शिट्टी वाचते, साउंड कार्ड ती लॅपटॉपला देतं, आणि सॉफ्टवेअर त्यावरून ओळखतं की तबकडी कुठल्या दिशेला, किती वेगाने फिरतेय आणि सुई नेमकी कुठे आहे. हाताने तबकडी मागे ओढली की लॅपटॉपमधलं गाणं मागे जातं. म्हणजे हात जुन्या पद्धतीने चालतात आणि गाणी नव्या पद्धतीने वाजतात.

या कलेचं गाव म्हणजे न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग. ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या, आणि हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असं मानतात. त्याची युक्ती अशी की गाण्यातला नाचायला सगळ्यात भारी तुकडा दोन तबकड्यांवरून आलटून पालटून लांबवत न्यायचा. पुढे त्याच भागातल्या ग्रँड विझर्ड थिओडोरने तबकडी हाताने मागे-पुढे घासून आवाज काढायचं तंत्र आणलं. तेच स्क्रॅचिंग. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आणि त्याचं एमके-२ मॉडेल १९७९ मध्ये आलं. पट्ट्याऐवजी थेट मोटरवर फिरणारी ही मशीन्स डीजे लोकांनी जगभर आपलीशी केली. २०१० मध्ये कंपनीने त्यांचं उत्पादन थांबवलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं! टाइमकोडची पद्धत आली ती २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आधी फायनल स्क्रॅच आणि २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह. पन्नास-साठ तबकड्यांची खोकी वाहण्याऐवजी दोन तबकड्या आणि एक लॅपटॉप, एवढ्यावर काम भागायला लागलं.

आता इथेच आमची पिन अडकली आहे. तबकडीवरचं गाणं गेलं, पण "चांगली सुई म्हणजे चांगला आवाज" ही समजूत मागे राहिली. अहो, स्पीकरमधून जो आवाज येतो तो सुईतून येतच नाही. तो लॅपटॉपमधल्या फाइलमधून येतो. पाचशे रुपयांची सुई लावा नाहीतर पन्नास हजारांची, गाण्यातला तबला तसाच वाजणार. टाइमकोडची सुई गात नाही, फक्त वाचते. आणि वाचणाऱ्याचा गळा गोड आहे का हे कुणी बघत नाही.

ती वाचते म्हणजे काय, हे मला पटलं ते इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी सीआरओवर लिसाजू फिगर्स काढल्या आहेत (आणि जर्नलमध्ये सीनियरच्या जर्नलवरून उतरवल्या आहेत!). सेराटोच्या तबकडीवरची शिट्टी १ किलोहर्ट्झची असते आणि डाव्या-उजव्या चॅनेलमधल्या लाटा एकमेकींपासून ९० अंशांनी सरकवलेल्या असतात. डावा चॅनेल एक्सला, उजवा वायला जोडला तर काय दिसेल? वर्तुळ! लॅबमधल्या काकांच्या हातापाया पडून मी हे करून पाहिलं. स्क्रीनवर गोल गरगरीत वर्तुळ आलं. तबकडी हाताने हळू केली की ते लहान होतं, थांबवली की आकसून ठिपका. कारण सुईच्या दांडीला मागे छोटं चुंबक असतं, ते कॉइलसमोर हलतं आणि फॅरेडेच्या नियमाने व्होल्टेज तयार होतं; हालचाल नाही तर व्होल्टेजही नाही. दोन लाटांपैकी आधी कुठली येते यावरून दिशा कळते, आणि लाटांच्या उंचीतल्या बारीक फरकांत शून्य आणि एक लिहिलेले असतात, त्यांवरून जागा कळते. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या पानावर जी हिरवी वर्तुळं दिसतात, ती दुसरं काही नसून आपली लिसाजूच आहेत.

मग सुईचं टोक कसं हवं? बाजारात मुख्यतः दोन आकार मिळतात. एक गोल, म्हणजे टोक चेंडूसारखं, त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. दुसरा लंबगोल, म्हणजे बाजूने अरुंद घासलेला, त्यामुळे खाचेतल्या बारीकसारीक वळणांत शिरणारा आणि अर्थात महाग. भारी म्हणून आम्ही घेतली ती ही दुसरी. आता थोडं गणित करू. घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला सुमारे २१ सेंटिमीटर. म्हणजे १ किलोहर्ट्झची एक लाट बाहेर अर्धा मिलिमीटर लांब आणि आत ०.२१ मिलिमीटर, म्हणजे २१० मायक्रॉन. एवढ्या लांबट वळणावर १८ मायक्रॉनचा चेंडू आरामात लोळत जातो. खऱ्या गाण्यात मात्र १५ किलोहर्ट्झचे बारीक स्वरही असतात. आतल्या खाचांत त्यांची लाट जेमतेम १४ मायक्रॉनची होते आणि तिथे गोल टोक शिरू शकत नाही. तिथे लंबगोल सुईचे पैसे वसूल होतात. ट्रॅक्टरच्या नव्या टाइमकोड तबकड्यांवर शिट्टी २.५ किलोहर्ट्झची असते. तरीही आतल्या टोकाला तिची लाट ८४ मायक्रॉन भरते. थोडक्यात, हायवेवरून जायला आम्ही गल्लीबोळात वळणारी गाडी विकत घेतली. तीही अशी की जरा रिव्हर्स घेतली की कुरकुरते. लंबगोल टोकाचा दाब कमी जागेवर पडतो, त्यामुळे तबकडी मागे ओढताना टोक आणि खाच दोघांनाही जास्त त्रास. आमची भारी जोडी लवकर झिजली यात नवल काहीच नाही.

म्हणून माझ्या मते सुई निवडताना पाहायच्या गोष्टी अशा. पहिली, टोक गोल असावं. दुसरी, पकड. डीजेसाठी बनवलेल्या सुईची दांडी आणि तिचं रबर मागे-पुढे ओढाताण सोसेल असं असतं आणि तीन-चार ग्रॅम भार चालतो. घरात शांतपणे ऐकायच्या सुया बहुतेक दोन ग्रॅमच्या आसपासच्या. त्यांना स्क्रॅचिंगला जुंपणं म्हणजे भरतनाट्यम्‌वाल्या मुलीला कबड्डीच्या टीममध्ये घालणं. तिसरी, सिग्नल खणखणीत असावा. शुअरची एम४४-७ ही स्क्रॅचिंगची गाजलेली कार्ट्रिज ९.५ मिलिव्होल्ट द्यायची. ऑर्टोफॉनची कॉनकॉर्ड एमके-२ मालिकेतली स्क्रॅच १० मिलिव्होल्ट देते. पण आकड्यांच्या मागे फार धावू नका. टाइमकोडला याच्या जवळपास निम्मं मिळालं तरी चालतं, फक्त दोन्ही चॅनेल सारखे हवेत. चौथी, दोन्ही टर्नटेबलांवर एकाच मॉडेलची सुई असावी, नाहीतर बाजू बदलली की हाताचा अंदाज चुकतो.

आणि पाचवी, जिच्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही : सुटी सुई मिळते का? कार्ट्रिज म्हणजे कॉइलवाली डबी, आणि सुई म्हणजे तिच्यात पुढून खोचायचा दांडीचा तुकडा. डबी वर्षानुवर्षं टिकते, झिजते ती सुई. २०१८ मध्ये शुअरने कार्ट्रिज बनवणंच बंद केलं आणि जगभरचे स्क्रॅच डीजे हवालदिल झाले. एवढी आवडती डबी हातात, पण पुढची सुई कुठून आणायची? जपानच्या जिको कंपनीच्या, पूर्वी शिवणकामाच्या सुया बनवणाऱ्यांच्या, सुया त्या डब्यांत बसतात म्हणून अनेकांचं काम चालू राहिलं. काही कंपन्या एकाच डबीवर वेगवेगळ्या आकारांची टोकं बसतील अशी सोय करतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेत तसं आहे. तात्पर्य, डबी एकदा घ्या, पण सुयांचा हिशोब दरवर्षीचा ठेवा.

माझे आजोबा हे ऐकून म्हणाले, "यात नवीन काय?" त्यांच्या लहानपणी घरी चावीचा ग्रामोफोन होता. त्याला स्टीलच्या पिना लागायच्या आणि त्या छोट्या डबीत शेकड्याने मिळायच्या. तबकडीची एक बाजू वाजली की पिन फेकून नवी लावायची. तीच वापरली तर आजोबांचे वडील ओरडायचे, की तबकडी खराब होईल. म्हणजे त्या घरात पिन ही खडूसारखी वस्तू होती, वापरून संपवायची. आपल्या हिऱ्याच्या टोकाच्या सुया कितीतरी जास्त टिकतात हे खरं, पण संपतात त्याही. क्लबने तिला खडू समजण्याऐवजी देवघरातला चांदीचा करंडा समजायला सुरुवात केली, तिथेच सगळं फसलं.

कारण किंमत वाढली की कुलूप येतं. गेल्या दोन वर्षांत कपाटाची चावी सेक्रेटरीकडे, म्हणजे बॉईज हॉस्टेलला. सेक्रेटरी जेवून क्लब रूममध्ये येतो तेव्हा नऊ वाजलेले असतात आणि लेडीज हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं. हिशोब तुम्हीच करा. शिवाय फर्स्ट इयरच्या कुणी हात लावायचा नाही असा नियम. "मोडली तर तुझ्या डिपॉझिटमधून कापणार," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ज्याच्या घरून महिन्याला मोजून पैसे येतात, तो मुलगा यानंतर त्या टर्नटेबलच्या जवळ जाईल का? एका सुईच्या किमतीत त्याचं दोन-तीन महिन्यांचं मेसचं बिल भागतं. दोन वर्षांत टर्नटेबल शिकलेले ज्युनियर्स मी मोजले. दोन. दोघांकडेही घरी स्वतःची मशीन्स आहेत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख मराठीत आहे.

त्या गॅदरिंगच्या दिवशी दुपारी मी क्लब रूममध्ये होते. फर्स्ट इयरला होते, नवा उत्साह. सुईच्या टोकाला कापसासारखी धूळ चिकटलेली दिसली. ब्रश कुठे असतो माहीत नव्हतं, विचारायची लाज वाटली, म्हणून ओढणीच्या टोकाने आडवी पुसली. एक धागा सुईत अडकला आणि झटका बसला. बघितलं तर डोळ्यांना काहीच दिसलं नाही. मी कव्हर लावलं आणि निघून आले. कुणाला सांगितलं नाही. रात्री गाणं उडालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण दादा म्हणाला माझा हात जड पडला, आणि मला ते सोयीचं वाटलं.

सेकंड इयरला सीआरओवर वर्तुळ पाहिल्यावर मी ती जुनी सुई कपाटाच्या तळातून शोधून काढली. तिचं वर्तुळ आलंच नाही. तिरकी, चपटी लंबवर्तुळाकृती आली, तीही थरथरत. भिंगाखाली बघितलं तर कँटिलिव्हर एका बाजूला वाकलेला. (सिव्हिलवाल्यांनो, तुमचा कँटिलिव्हर वाकला तर बाल्कनी पडते, आमचा वाकला तर माणूस पडतो.) वाकलेल्या दांडीची सुई सरळ वाजवताना तग धरते, पण तबकडी जोरात मागे ओढली की खाचेबाहेर उडी मारते. त्यात सॉफ्टवेअर ॲब्सोल्यूट मोडवर होतं, म्हणजे सुई जिथे पडेल तिथे गाणं जाणार. रिलेटिव्ह मोडवर असतं तर गाणं जागचं हललं नसतं आणि हूटिंगही झालं नसतं. नाण्याचंही आता वाईट वाटतं. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. आधीच तीन ग्रॅमवर लावलेल्या सुईवर भार दुपटीहून जास्त! त्या तबकडीवर त्या रात्रीचे ओरखडे अजून आहेत.

म्हणजे दादाचा हात जड नव्हता आणि सुई साधी आहे म्हणूनही काही झालं नव्हतं. एका फर्स्ट इयरच्या मुलीला सुई कशी पुसायची हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि चूक झाल्यावर ती सांगण्याची तिच्यात हिंमत नव्हती. यातली पहिली गोष्ट चोवीस हजारांत येते. दुसरी मला या पानावर करावी लागतेय.

काही जण म्हणतील, आता सुईच कशाला? तबकडीवर ठेवायचा वायरलेस सेन्सर मिळतो, त्याला सुई लागत नाही, टोनआर्म बाजूला ठेवून द्यायचा. खरं आहे. फेज नावाचं असं यंत्र आहे आणि त्यात सुई उडण्याचा प्रश्नच नाही. पण त्यात सुई उचलून गाण्याच्या हव्या त्या जागी टेकवता येत नाही, त्याला चार्जिंग लागतं, आणि बिघडलं तर आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होणार नाही. सुई मात्र मला बदलता येते. माझ्या मागून येणाऱ्यालाही दहा मिनिटांत शिकवता येते. दुसरा आक्षेप असा, की कधी खरी एलपी वाजवायची झाली तर? चांगला प्रश्न आहे. त्यासाठी लंबगोल टोकाची एक सुई वेगळी ठेवावी, ती कुलपात ठेवली तरी माझी हरकत नाही. पण रोजच्या घासाघाशीला ती नको.

तेव्हा मीटिंगमध्ये मी मांडणार आहे ते असं. डीजेसाठीच बनवलेल्या, गोल टोकाच्या दोन सारख्या कार्ट्रिज घ्याव्यात. उरलेल्या पैशांत जितक्या येतील तितक्या सुट्या सुया, आणि त्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. स्वस्तातल्या नकली सुईचं टोक खडबडीत असेल तर ती तबकडी खरवडून काढते. एक मऊ ब्रश, मागून पुढे फिरवायचा, आडवा कधीच नाही. एक छोटा डिजिटल वजनकाटा, म्हणजे भार डायलवर विश्वास न ठेवता मोजता येईल आणि नाण्याची वेळ येणार नाही. कपाटाच्या दारावर एक कागद : आधी आर्म तरंगेल असा समतोल करा, डायल शून्यावर आणा, मग ग्रॅम लावा, हेडशेलच्या चार वायरी, पांढरी-निळी डाव्या चॅनेलच्या, लाल-हिरवी उजव्या, टेक्निक्सच्या मापाने हेडशेलच्या बुडापासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर, वाजवायच्या आधी स्क्रीनवरचं वर्तुळ गोल आहे ना ते बघा. आणि कुलपाच्या जागी एक रजिस्टर. कोणी वापरलं, किती तास, काय मोडलं. मोडलं तर फक्त लिहायचं. दंड नाही.

दंड नाही यावर मी अडून बसणार आहे. शाळेत मराठी बोलल्याबद्दल फाइन पडायचा, त्यामुळे मी इंग्लिश सुधारलं असं नाही, मी फक्त हळू आवाजात मराठी बोलायला शिकले. कपाटाच्या कुलपाने आणि डिपॉझिटच्या धमकीने सुया वाचत नाहीत, मोडलेल्या सुया लपतात. मी स्वतः एक लपवली होती.

दादा, तुझा पत्ता माजी विद्यार्थ्यांच्या यादीत आहे आणि हा अंक तुला पोस्टाने येईल. हात तुझा जड नव्हता. ती जुनी सुई मी अजून ठेवली आहे, मीटिंगमध्ये भिंगासकट सगळ्यांना दाखवणार आहे. पुढच्या गॅदरिंगला आलास तर दोन्ही टर्नटेबलं लावून ठेवते, वर्तुळं गोल आहेत की नाही तूच बघ.

बाकीच्यांनी मीटिंगला यायचं. विशेषतः फर्स्ट इयरवाल्यांनो, तुम्ही. आणि हो, मीटिंग साडेनऊच्या आत ठेवा म्हणजे आम्हालाही येता येईल!